सहा वाव पाणी

विहिरीत पाणी किती आहे हे पाहायचे झाले म्हणजे आपण काय करतो? दोरीला दगड बांधून खाली सोडतो आणि भिजलेली दोरी हाताने मोजतो. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव. समुद्रकाठचे कोळी आणि तांडेल पाण्याची खोली ह्याच मापाने सांगत आले. इंग्रजीत ह्या मापाला फॅदम म्हणतात. गंमत अशी, की त्या शब्दाच्या मुळाशीही पसरलेले दोन हातच आहेत! पुढे हे माप सहा फुटांचे ठरले.

आज आपल्याला पाहायचा आहे तो ह्याच मापातून निघालेला एक खलाशी शब्द, 'डीप सिक्स'. इंग्रजी वर्तमानपत्रात तो आला तर त्याचा अर्थ, एखादी वस्तू पुन्हा हाती लागणार नाही अशी फेकून देणे. एखादी योजना कायमची गुंडाळली, तरी हाच शब्द वापरतात. शब्दशः पाहिले तर 'खोल सहा'. आता खोल सहा आणि फेकून देणे ह्यांचा संबंध काय, असे मुलांनी विचारले तर शिक्षकांनी काय सांगावे?

शिडाच्या जहाजांच्या काळी उथळ पाण्यात शिरताना जहाजाच्या कडेला एक खलाशी उभा करीत. त्याच्या हाती लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला सात ते चौदा पौंडांचे शिसे. ते तो झोका देऊन पुढे फेकी आणि दोरी ताठ उभी झाली की खोली ओरडून सांगे. शिशाच्या बुडाला खोलगट जागा असे, तिच्यात चरबी भरीत. तळाची वाळू, शिंपले तिला चिकटून वर येत आणि खाली जमीन कशी आहे तेही कळे. दोरीवर खुणा होत्या. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन, पाचावर पांढरे फडके, सातावर तांबडे, दहावर भोक पाडलेले चामडे. ही कापडेही निरनिराळ्या पोताची घेत, म्हणजे काळोखात नुसत्या स्पर्शाने खूण ओळखता यावी. बिनशिकलेल्या माणसांची केवढी ही हुशारी!

परंतु प्रत्येक वावेवर खूण नव्हती. चार, सहा, आठ, नऊ ह्या जागा कोऱ्याच. खूण पाण्याच्या पातळीशी आली तर खलाशी 'मार्क' म्हणे. कोऱ्या जागेचा त्याला अंदाज करावा लागे, तेव्हा तो 'डीप' म्हणे. पाच म्हणजे 'बाय द मार्क फाइव्ह', सहा म्हणजे 'बाय द डीप सिक्स'. (मिसिसिपी नदीवर आगबोटी चालवणाऱ्या सॅम्युअल क्लेमेन्स ह्यांनी 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव घेतले, ते ह्याच आरोळ्यांतले. 'ट्वेन' म्हणजे दोन.)

म्हणजे मुळात हा शब्द टाकून देण्याचा नव्हेच. जहाज तळाला लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून मोजणाऱ्याची ती हाक होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खलाशांच्या बोलीत तिचा अर्थ फिरला. आधी थडगे, मग समुद्रात भिरकावून देणे. इंग्रजीत प्रेत सहा फूट खाली पुरतात असे म्हणायची रीत आहे. ह्या 'सहा'ने अर्थाला हातभार लावला असावा. मला मात्र दुसरेही एक कारण सुचते. सहा ही खूण नसलेली जागा. तिथे गेलेल्या वस्तूची खूण कशी उरणार?

खलाशांचा हा शब्द अमेरिकेत घरोघर पोहोचला, त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टन शहरात वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरटे पकडले गेले. त्या कटातल्या हॉवर्ड हंट ह्यांची एक तिजोरी राष्ट्राध्यक्षांच्याच कार्यालयात होती. ती उघडली तेव्हा आत कागदपत्रे आणि विजेच्या उपकरणांची एक पेटी निघाली. जून १९७३ मध्ये सेनेटच्या समितीपुढे वकील जॉन डीन ह्यांनी शपथेवर सांगितले, की अध्यक्षांचे सल्लागार जॉन अर्लिकमन ह्यांनी आपल्याला कागद फाडायला आणि पेटी 'डीप सिक्स' करायला सांगितले. डीन ह्यांनी अर्थ विचारला. घरी जाताना तुम्ही नदीचा पूल ओलांडताच ना, मग द्या टाकून, असे उत्तर आले. त्यावर डीन म्हणाले, पूल तर तुम्हीही ओलांडता!

अर्लिकमन ह्यांनी हे सारे नाकारले. डीन तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा त्यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये कबूल केला. पण पेटी नदीत पडली नाही. ती तपासखात्याकडे गेली. दोन नाजूक फाइली मात्र त्या खात्याचे हंगामी प्रमुख पॅट्रिक ग्रे ह्यांच्या हाती वेगळ्या देण्यात आल्या. ग्रे ह्यांनी त्या घरी ठेवल्या, डिसेंबर १९७२ मध्ये कचऱ्याबरोबर जाळल्या, आणि ते उघडकीस आल्यावर एप्रिल १९७३ मध्ये राजीनामा दिला. ही साक्ष लोक दूरदर्शनसंचापुढे बसून ऐकत होते. ज्यांनी जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता, त्यांच्याही तोंडी तेव्हापासून 'डीप सिक्स' बसला.