एका मेजाभोवती

जुन्या उपाहारगृहांची आठवण निघाली की ती बहुधा चवीची आठवण असते. संगमरवरी मेज, वळवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, बशीत ओतलेला चहा आणि मस्क्याने माखलेला पाव यांचे वर्णन करताना मुंबईकर आणि पुणेकर आजही रंगून जातात. परंतु उपाहारगृहाचा इतिहास हा केवळ जिभेचा इतिहास नव्हे. अपरिचित माणसाने रांधलेले अन्न, अपरिचित माणसाच्या शेजारी बसून, पैसे मोजून खाणे ही गोष्ट आज फार साधी वाटते. एके काळी तिच्यापायी माणसांना वाळीत पडावे लागत असे.

जुन्या महाराष्ट्रात अन्न विकत घेऊन खाणे हे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. प्रवासाला निघालेला गृहस्थ शिदोरी बांधून घेई आणि ती संपली तर नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून स्वतः शिजवून खाई. कोणी रांधले, कोणी वाढले आणि पंक्तीला कोण बसले, या तीन प्रश्नांवर अन्नाची शुद्धाशुद्धता ठरत असे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि त्याच दशकात मुंबईत कापडाच्या गिरण्यांचा पाया घातला गेला. कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून शहरात आले. त्यांना चूल नव्हती, पण भूक होती. त्या भुकेतून खानावळ जन्मास आली. तथापि पहिल्या खानावळी बहुधा जातीच्या नाही तर गावच्या असत. गावची पंगत उचलून शहरात आणून मांडावी, तसा तो प्रकार होता. रेल्वेच्या स्थानकावर पाणीसुद्धा हिंदूंचे निराळे आणि मुसलमानांचे निराळे मिळत असे.

हा प्रश्न किती नाजूक होता, हे पुण्यातील एका प्रसंगाने दाखवून दिले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हेही त्यांत होते. तेथे चहा पुढे आला. कोणी तो घेतला, कोणी केवळ हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होतील अशी व्यवस्था केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, ग्रामण्य माजले. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताकडे बोट दाखविले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या सुधारक मित्रांना त्याचे अतोनात दुःख झाले. कायदा आणि राजकारण यांत देशाला मार्ग दाखविणारी माणसे एका पेल्याने अशी अडचणीत आली होती.

अशा या समाजात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, इराणातील यज्द आणि कर्मान या प्रांतांतून आलेल्या लोकांनी दुकाने थाटली. त्यांत जरथुष्ट्री होते, तसेच मुसलमानही होते. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी टाळीत, अशी मुंबईत समजूत सांगितली जाते. इराण्याने ती आनंदाने घेतली. दोन रस्त्यांवर उघडणारे त्याचे दुकान उजेडाने आणि गिऱ्हाइकांनी भरून गेले. धोबीतलावावरील कयानी हे १९०४ सालचे. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील गुडलक १९३५ सालचे.

इराणी हा येथील जातिव्यवस्थेच्या बाहेरचा मनुष्य होता. गिऱ्हाईक कोणत्या जातीचे, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. गल्ल्यावर बसून तो एवढेच पाही, की पैसे दिले जातात की नाही आणि एका चहावर कोणी दुपार तर काढीत नाही ना. ब्रून पाव चहात बुडवून खाणारा गिरणीकामगार, वर्तमानपत्र चाळणारा कारकून, परीक्षेच्या काळजीत असलेला विद्यार्थी आणि काम शोधणारा नट हे तेथे एकाच प्रकारच्या पेल्यातून चहा पीत. अनेक ठिकाणी कुटुंबांसाठी आडोशाची खोली असे आणि त्यामुळे बाहेर बसून खाण्याची मुभा स्त्रियांनाही मिळू लागली. समतेचा उपदेश करण्यासाठी हे कोणी केले नव्हते. धंद्याच्या सोयीने ते घडले. पण घडले हे खरे.

इकडे मराठी माणसाची स्वतःची उपाहारगृहेही उभी राहत होती. दादरला मामा काणे यांनी १९१० साली स्वच्छ उपाहारगृह सुरू केले आणि त्यांचा बटाटेवडा घरोघर ठाऊक झाला. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह तर इतिहासातच गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे देहावसान तेथे झाले. या उपाहारगृहांतील पदार्थांकडे पाहिले म्हणजे एक मौज ध्यानात येते. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्यावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा आणि बटाटा हे दक्षिण अमेरिकेतले. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. पोर्तुगीजांच्या जहाजांनी समुद्रमार्ग खुला केल्यानंतरच यांतील जिन्नस इकडे आले. समुद्र ओलांडून आलेले अन्न एकादशीच्या ताटात बसले. शेजारच्या वस्तीतील माणसाला मात्र पंक्तीत बसण्यास आणखी फार वाट पाहावी लागली.

ती वाट मोकळी करण्याचे काम कोल्हापुरात एका छत्रपतीने केले. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी अपराध्यांना शासन केले आणि कांबळे यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे दुकान निघाले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवू लागले. ते चहा मागवीत, आपण पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. हुकूमनामा काढून जे साधले नसते, ते एका कपाने साधले. पुढे १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ उघडले. जातिभेद न मानणारे म्हणून ते नावाजले. त्याची मर्यादा त्याच्या नावातच होती.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जाण्यास धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. मूलभूत हक्कांच्या यादीत उपाहारगृहाचे नाव का यावे, असा प्रश्न परदेशी वाचकास पडेल. ज्याला पंचहौद आणि कोल्हापूर ठाऊक आहे, त्याला तो पडणार नाही. १९५५ साली अस्पृश्यता हा कायद्याने दंडनीय अपराध ठरला. तरीही खेड्यापाड्यांतील चहाच्या दुकानांत वेगळी कपबशी त्यानंतरही कित्येक वर्षे खुंटीला टांगलेली असे.

गिरणगावात खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांची कथा अशीच आहे. पहाटे उठून दहा-वीस कामगारांचे डबे करणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचे दार उघडून दिले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात गिरण्या बसल्या आणि कामगारांबरोबर अनेक खानावळींचे ताटही उठले.

इराण्यांची दुकानेही एकामागून एक बंद होत गेली. कोपऱ्याच्या जागेला सोन्याचे मोल आले आणि पुढच्या पिढीने दुसरे व्यवसाय धरले. उरलेल्या थोड्या दुकानांत आज लोक जुन्या चवीच्या ओढीने रांग लावतात. ती ओढ योग्यच आहे. मात्र तेथील मेजावर अनोळखी माणसाने शेजारची खुर्ची ओढून घेतली, तर किंचित सरकून त्याला जागा द्यावी. त्या मेजावर ही रीत पाव-मस्क्याइतकीच जुनी आहे आणि ती पडण्यास फार दिवस लागले आहेत.