निपाणीचा तंबाखू उद्योग

निपाणीचा तंबाखू उद्योग हा कर्नाटक राज्यातील बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी परिसरात वाढलेला विडीच्या तंबाखूचा शेती, प्रक्रिया व व्यापार उद्योग आहे. पुणे–बंगळूर महामार्गावरील निपाणी हे मराठीबहुल शहर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होते. विडीच्या तंबाखूसाठी गुजरातमधील चरोतर प्रदेशाप्रमाणेच निपाणीचेही नाव घेतले जाते. स्त्री-कामगारांची संघटना आणि १९८१ चे शेतकरी आंदोलन यांमुळे या उद्योगाला सामाजिक इतिहासातही स्थान मिळाले आहे.

पीक
हे पीक काळ्या जमिनीत प्रामुख्याने पावसाच्या पाण्यावर घेतले जाते. पावसाळ्याच्या आरंभी तरवा टाकून नंतर रोपांची लावण करतात. झाडाला फुले येण्याच्या सुमारास शेंडा खुडतात व पुढे येणारे फुटवे वेळोवेळी काढतात. त्यामुळे झाडाची शक्ती पानांत उतरते, पान जाड होते आणि त्यातील निकोटिनचे प्रमाण वाढते. सिगारेटचा व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात. विडीचा तंबाखू मात्र शेतातच उन्हात वाळवला जातो. निपाणी येथे धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून तेथे या पिकावर संशोधन होते.

प्रक्रिया व व्यापार
स्वदेशीच्या चळवळीत विदेशी सिगारेटला पर्याय म्हणून विडीचा खप वाढला आणि त्याबरोबर निपाणीची बाजारपेठही विस्तारली. खरेदी केलेला माल वखारीत आणून कुटणे, चाळणे, पाखडणे व प्रतवारी करणे ही कामे होतात. विडी कारखानदाराला आपल्या छापाची चव दरवर्षी सारखीच लागते. पानाचा गुण मात्र जमिनीनुसार व हवामानानुसार बदलतो. म्हणून निरनिराळ्या गावांचा माल ठरावीक प्रमाणात मिसळावा लागतो. या मिश्रणाचे ज्ञान हे व्यापाऱ्याचे मोठे भांडवल होय. पाइपच्या तंबाखूचे लहान अमेरिकी उत्पादकही मिश्रणाच्या अशाच कौशल्यावर नाव मिळवतात.

स्त्री-कामगार
वखारींतील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या. त्यांत देवदासी म्हणून सोडलेल्या स्त्रियांचाही समावेश होता. तंबाखूच्या धुळीत दीर्घकाळ काम केल्याने खोकला, दमा, मळमळ व डोळ्यांची जळजळ असे विकार होतात. किमान वेतन अधिनियम १९४८ सालीच संमत झाला होता. तरीही या स्त्रियांना अल्प मजुरीवर राबावे लागे. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघाने त्यांना संघटित केले. वाढीव मजुरी, कामाचे निश्चित तास आणि सन्मानाची वागणूक या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. दीपा धनराज यांचा सहभाग असलेल्या ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये या लढ्यावर माहितीपट तयार केला. त्यात कामगार स्त्रिया स्वतःच आपला अनुभव सांगतात.

१९८१ चे आंदोलन
केंद्र सरकारने १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरील उत्पादन शुल्क रद्द केले. तथापि शेतकऱ्याला मिळणारा भाव समाधानकारक नव्हता. प्रतवारी व्यापारीच ठरवतात आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत, अशा शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ रोजी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या आंदोलन सुरू झाले. शेतकऱ्यांनी रस्त्यावरच मुक्काम केला व त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ हे नाव पडले. वखारीत राबणाऱ्या स्त्रियांची संघटनाही या आंदोलनाच्या बाजूने उभी राहिली. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी आंदोलन मोडून काढले. त्या वेळी झालेल्या गोळीबारात अनेक शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणीत त्यांचे स्मरण हुतात्मे म्हणून केले जाते.

सद्यस्थिती
सिंचनाची सोय झालेल्या भागांत ऊस, तर अन्यत्र सोयाबीन यांसारखी पिके तंबाखूची जागा घेऊ लागली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने जाहिरातीवर व सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर निर्बंध आले. तंबाखूमुळे होणारा कर्करोग व हृदयविकार लक्षात घेता त्याचा वापर घटणे इष्ट मानले जाते. मात्र जिराईत शेतकरी आणि वखारीतील स्त्रिया यांना पर्यायी उपजीविका मिळवून देणे हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.