बर्लिनमधील एक मोजमाप

बर्लिन शहर पाहावयास जाणारा प्रवासी प्रथम ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी जातो आणि मग भिंतीचे अवशेष शोधू लागतो. १३ ऑगस्ट १९६१ रोजी उभारावयास लागलेली व ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री खुली झालेली ती भिंत जगप्रसिद्ध आहे. परंतु शहराच्या नैर्ऋत्येस डाहलेम नावाचे एक शांत उपनगर आहे. तेथे इनेस्ट्रासे या रस्त्यावर २२ क्रमांकाची इमारत आहे. माणसामाणसांत भिंत घालण्याचा उद्योग तेथे शास्त्राच्या नावाने चाले, आणि त्या इमारतीच्या इतिहासात एका मराठी स्त्रीचेही नाव आहे.

इरावतीबाई कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. पुण्यात शिक्षण झाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला व १९२८ साली एम.ए. ची पदवी मिळविली. त्याच वर्षी त्या बर्लिनला निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांनाच सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. परंतु पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढून पत्नीला पाठविले.

डाहलेमची मानववंशशास्त्र संस्था १९२७ साली स्थापन झाली होती. तिचे संचालक ओयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत थोडा फरक असतो. हा फरक गोऱ्या युरोपीय लोकांत अधिक असावा व त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी त्याचा संबंध असावा, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. जर्मनांच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याही त्यांत होत्या. कवट्यांत विषमता आढळली खरी. पण तिचा वंशाशी काहीही संबंध आढळला नाही. प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेच्या शास्त्राने वंशशुद्धीच्या कायद्यांना आधार पुरविला. पुढे महायुद्धात आउश्वित्झच्या छळछावणीतून मेंगेलेने मृतांचे अवयव याच संस्थेकडे पाठविले. १९४५ नंतर शहराची वाटणी झाली. ज्या विद्यापीठाने इरावतीबाईंना पदवी दिली ते उंटर डेन लिंडेन या रस्त्यावरचे विद्यापीठ रशियन विभागात गेले. ज्या वास्तूत त्यांनी कवट्या मोजल्या ती अमेरिकन विभागात राहिली. १९४८ साली रशियन विभागातील दडपणाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी पश्चिमेकडे मुक्त विद्यापीठ स्थापन केले आणि कालांतराने ती इमारत त्याच्याकडे आली. पुढे अठ्ठावीस वर्षे पदवी एका बाजूस, प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूस आणि मध्ये भिंत, अशी स्थिती होती. १९८८ साली इमारतीवर स्मृतिफलक लावण्यात आला. २०१४ पासून परिसरात खोदकाम करताना मानवी अस्थींचे हजारो तुकडे सापडले. त्यांतील बहुतेक जुन्या संग्रहांतील असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. २०२३ साली डाहलेममध्येच त्यांचे दफन झाले.

इरावतीबाईंनी मोजपट्टी पुढेही टाकली नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्या महाराष्ट्रातील जातींची शरीरमापे घेत राहिल्या. बर्लिनमध्ये घेतलेल्या शास्त्राचा संस्कार सहजी पुसला गेला नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि परक्या देशात, उसन्या पैशांवर शिकणाऱ्या, आणि पदवीसाठी ज्यांच्या मर्जीवर अवलंबून त्यांचीच अटकळ तपासावयास बसलेल्या पंचविशीच्या आतबाहेरच्या स्त्रीने आकडे जसे आले तसे मांडले, हेही तितकेच खरे आहे. बर्लिनला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने भिंतीचे अवशेष अवश्य पाहावेत; आणि सवड काढून इनेस्ट्रासेवरील तो फलकही वाचावा.