दोन सामींची साक्ष

आज आपल्याला ग्रीनलंडच्या बर्फावर जायचं आहे, पण सुरुवात थोडी तर्कशास्त्रातून करू. आम्ही आयुष्यभर वर्गात प्रमाणं शिकवली. त्यातलं शब्दप्रमाण विद्यार्थ्यांना नेहमी लंगडं वाटायचं. ‘कुणीतरी सांगितलं, याला ज्ञान कसं म्हणायचं?’ हा प्रश्न दरवर्षी हमखास यायचा. आज त्याच प्रश्नाचा एक खराखुरा दाखला पाहू.

साल 1883. नॉर्डेनशोल्ड हा नामवंत संशोधक ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत निघाला. या अवाढव्य बेटाच्या मध्यभागी बर्फ नसेल, कदाचित हिरवळही असेल, अशी त्याची अटकळ होती. पण ओल्या बर्फात घसरगाड्या रुतल्या आणि तुकडी थांबली. तेव्हा त्याने दोन सामी माणसांना स्कीवर पुढे पाठवलं. सामी म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियात रेनडियर पाळणारा समाज. स्की, म्हणजे पायाला बांधायच्या लाकडी पट्ट्या, हे त्यांचं रोजचं वाहन. पाव्वा लार्स टुओर्डा आणि आंदेर्स रासा ही त्या दोघांची नावं.

57 तासांनी दोघे परतले. म्हणाले, जाऊन-येऊन सुमारे 460 किलोमीटर झाले. हिरवळ कुठेच नाही, सगळीकडे बर्फच बर्फ. आता गंमत बघा. ही बातमी खुद्द नॉर्डेनशोल्डच्या अटकळीच्या विरुद्ध होती, तरी त्याने ती मानली. युरोपात मात्र अनेकांनी शंका घेतली. इतकं अंतर इतक्या वेळात? दोघांखेरीज पाहिलंय कुणी?

मग 1884च्या एप्रिलमध्ये नॉर्डेनशोल्डने स्वीडनमध्ये योकमोकजवळ 220 किलोमीटरची स्की-शर्यत भरवली. जिंकली कुणी? त्याच टुओर्डाने, 21 तास 22 मिनिटांत! शंकेखोरांची तोंडं बऱ्यापैकी बंद झाली.

इथे आपण जरा थांबू या. शर्यतीने नेमकं काय सिद्ध झालं? एवढं अंतर तोडणं शक्य आहे, इतकंच. ग्रीनलंडमध्ये ते तोडलं गेलं, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. शक्य असणं वेगळं आणि घडलेलं असणं वेगळं. म्हणजे शर्यतीनंतरही शेवटी त्या दोघांच्या शब्दावरच विश्वास ठेवायचा होता. बदललं ते एवढंच, की ऐकणाऱ्यांची ऐकण्याची तयारी झाली.

नॉर्वेतल्या बर्गनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या फ्रिट्यॉफ नान्सेनने मात्र शर्यतीची वाट पाहिली नव्हती. 1883च्याच शरदात एका संध्याकाळी कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होतं. सामींच्या स्कीप्रवासाची बातमी त्याच्या कानावर पडली आणि स्कीवरून ग्रीनलंड ओलांडायची कल्पना त्याच्या मनात आली. 1888च्या ऑगस्टमध्ये सहा जण पूर्व किनाऱ्यावरून निघाले. त्यांत सॅम्युएल बाल्टो आणि ओले राव्ना हे दोघे सामी होते. वस्ती पश्चिमेला, म्हणून मागे फिरण्यात अर्थच नव्हता. 2,700 मीटरच्या आसपासची उंची, उणे 45 अंशांपर्यंतची थंडी, असं सगळं सोसून सप्टेंबरअखेर ते पश्चिमेला पोचले. हिरवळ कुठेच नव्हती. सामींनी सांगितलेलं खरं होतं.

आज हौशी प्रवासी तीन-चार आठवड्यांत स्कीवरून हे बेट ओलांडतात. योकमोकची शर्यतही 2016 पासून पुन्हा सुरू झाली. नान्सेनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. टुओर्डाचं किती जणांना?

आमच्या न्यायदर्शनात आप्ताची व्याख्या फार सरळ आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आणि जी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर स्पष्ट म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू. कोण सांगतंय, त्याचं कुळ कोणतं, हा प्रश्नच नाही.

व्याख्या सोपी आहे, पाळणं अवघड. आपणही काहींचं म्हणणं लगेच मानतो आणि काहींना आधी शर्यत धावायला लावतो. ते कोण, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरापासून करावा, एवढंच आमचं सांगणं.