भरपाई न झालेले नुकसान

अकोल्यात सिंधी कॅम्प आहे, अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे. घरे केव्हाच पक्की झाली; नाव मात्र ‘कॅम्प’च राहिले. का बरे?

१९४७ साली फाळणी झाली आणि सबंध सिंध पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. सिंधी हिंदू घरदार टाकून बोटीने, आगगाडीने इकडे आले. त्यांतले काही वऱ्हाडात स्थिरावले. दुकाने थाटली, मुले शिकवली. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे १९५० च्या कायद्याने नोंदता आले, १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली. पण उडालेल्या झोपेची, मनात बसलेल्या धास्तीची भरपाई कोणत्या कचेरीत मागायची?

या दुखण्याला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नाव दिले ते १९८० साली: आघातोत्तर तणाव विकार. माणूस दचकतो, तेच तेच स्वप्न पाहतो, त्या रस्त्याने जाणे टाळतो, गप्प राहतो. लोक म्हणतात, “विसरला बिचारा!” तो विसरलेला नसतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगे झाले, संचारबंदी लागली. ही जखम धर्म विचारीत नाही; दोन्हीकडच्या घरांत ती राहते.

तेव्हा गुरुजनहो, दंग्यानंतर वर्गात एखादे पोर दचकू लागले, तर त्याला भित्रे म्हणू नका. खोदून विचारू नका; बोलेल तेव्हा ऐका. शाळेची घंटा रोजच्या वेळी वाजू द्या, त्यानेही धीर येतो. त्रास हटेना, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर सल्ला फुकट मिळतो.