बाभळीचा काटा आणि विज्ञानाचा तास

फूल उघडून त्याचे भाग पाहायचे तर सुई हवी. होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतील शाळांत सुया कुठून येणार? पण बाभळी हव्या तेवढ्या होत्या. मुलांनी काटे तोडून आणले आणि काम भागले. प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग नाही, हे कारण तिथे तरी संपले.

मध्य प्रदेशातील या जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी सरकारच्या परवानगीने सहावी ते आठवीच्या १६ शाळांत विज्ञानाचा नवा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ मदतीला होते. विषय येतो म्हणजे पाठही लिहिता येतो, असा आम्हा संशोधकांचा एक गोड समज असतो. तो तिथे टिकला नाही. पाठाचा मसुदा आधी शिक्षक प्रशिक्षणात स्वतः करून पाहत, मग वर्गात नेत, आणि काय जमले, काय फसले ते मासिक बैठकीत सांगत. त्यावरून पाठ पुन्हा लिहिला जाई.

१९७८ साली कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व शाळांत गेला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते. उत्तरे मात्र छापलेली नव्हती. ती वर्गातल्या निरीक्षणांतून, चर्चेतून काढायची. परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवता येई.

त्याच वर्षी पुण्याच्या एका मोटार कारखान्यातले अभियंते अरविंद गुप्ता तिथे गेले. आठवड्याच्या बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळे. तिचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या. करून पाहा: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही.

मुलांचे प्रश्न पाठांच्या चौकटीत मावेनात, म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र आले. मुलांनी त्याला पत्रे लिहायची, त्याने उत्तरे द्यायची.

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने पुढे हे काम वाढवले. पालकांच्या मनात मात्र एक शंका राहिलीच: पुस्तक उघडून दिलेल्या परीक्षेचा नववी-दहावीत काय उपयोग? शंका रास्त होती, कारण दहावीची परीक्षा जुनीच होती. शिक्षकांच्या मासिक बैठकीसारखी एखादी नियमित जागा पालकांनाही मिळाली असती, तर ही शंका वेळीच पाठ लिहिणाऱ्यांपर्यंत पोचली असती, असे मला वाटते. ती पोचली ती लोकप्रतिनिधींमार्फत. जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली आणि २००२ साली राज्य सरकारने तो थांबवला. शिक्षकांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. पुन्हा राज्याचे सर्वसाधारण पाठ्यपुस्तक सहावीच्या वर्गात आले.