टेकडीवर गेलेले कॉलेज

१९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. पण ती मूळची ब्लॅक पँथर निघाली कुठून, असे मी वर्गात विचारतो तेव्हा मुले सांगतात: तुरुंगातून, रस्त्यावरून, दंगलीतून. एका साध्या, सरकारी, दोन वर्षांच्या कॉलेजचे नाव कुणीच घेत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. विद्रोहाचा इतिहास आपण पुढाऱ्यांच्या भाषणांतून आणि मोर्च्यांतून सांगत आलो. तो विद्रोह ज्या बाकांवर, ज्या ग्रंथालयात, ज्या फुकट मिळालेल्या दोन वर्षांत वाढला, त्याची नोंद आपण क्वचितच ठेवली. ती नोंद येथे करावी, असा माझा प्रयत्न आहे.

अमेरिकेत अशा कॉलेजला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. कल्पना सरळ होती. वस्तीजवळ कॉलेज असावे, गुणांची अट नसावी, पोराने घरी राहून, काम करून शिकावे आणि दोन वर्षांनी धंद्याला लागावे किंवा विद्यापीठात जावे. कॅलिफोर्नियात तर या कॉलेजांना शिक्षणशुल्कही नव्हते.

ओकलंड हे त्या राज्यातील बंदराचे शहर. त्याची रचना पाहिली की आपल्याला आपले गाव आठवते. खाली सपाटीवर गोदीतले, कारखान्यांतले कामगार आणि काळ्या लोकांच्या वस्त्या; वर टेकड्यांवर सुखवस्तू गोऱ्यांची घरे. गावकूस नाही, पण चढण आहे. १९५३ साली येथे ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. त्याची मेरिट ही शाखा सपाटीवर, ग्रोव्ह स्ट्रीटवर, एका जुन्या हायस्कूलच्या इमारतीत भरत असे. तिथे वसतिगृह नव्हते, हिरवळ नव्हती. दारातून बाहेर पडले की थेट रस्ता. पण त्या दारासमोरचा पदपथ हीच त्या कॉलेजची दुसरी वर्गखोली होती. तिथे सभा होत, पत्रके वाटली जात, आफ्रिकेतील स्वातंत्र्यलढ्यांवर आणि क्यूबावर वाद रंगत. येणारे-जाणारे लोकही थांबून ऐकत. कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच.

या कॉलेजात ह्यूई न्यूटन आला. १९५९ साली त्याने हायस्कूल पूर्ण केले तेव्हा आपल्याला धड वाचताही येत नव्हते, असे त्यानेच आत्मचरित्रात नोंदवले आहे. प्लेटोचा 'रिपब्लिक' पुन्हा पुन्हा वाचत तो वाचायला शिकला. असल्या मुलाला कोणते विद्यापीठ दारात उभे करणार होते? मेरिटने केले, कारण तिथे अटच नव्हती. तिथेच त्याची बॉबी सीलशी गाठ पडली. सील हवाई दलातून काढून टाकलेला, धातूकाम करून पोट भरणारा, वयाने मोठा विद्यार्थी. न्यूटनने तिथे कायद्याचे वर्ग केले. पोलिसांना कोणता अधिकार आहे आणि कोणता नाही, हे त्याने वाचून काढले. पुढे रस्त्यात पोलीस एखाद्या काळ्या माणसाला अडवीत तेव्हा पँथर काही अंतरावर उभे राहून कायद्याची कलमे मोठ्याने वाचून दाखवीत. या गोष्टीत लोकांना बंदूक आठवते. मला कायद्याचे पुस्तक आठवते.

परंतु हे दार कुणी दयाबुद्धीने उघडले होते, असे समजू नये. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहद् आराखडा केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांना राज्याचे विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालये, आणि उरलेल्या सर्वांना ज्युनिअर कॉलेज. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचा वास मला या तीन पायऱ्यांना येतो. फरक आहे, तोही सांगितला पाहिजे: तिथे जन्माने पायरी ठरत नव्हती आणि खालून वर जाण्याची वाट कागदावर तरी होती. पण ज्याच्या वस्तीतली शाळाच निकृष्ट, त्याची पायरी परीक्षेआधीच ठरलेली असते. त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने एका निबंधात दाखवून दिले की अशी कॉलेजे विद्यार्थ्यांच्या आकांक्षा हळूहळू थंड करण्याचे काम करतात. तुला नकार कुणी देत नाही; तूच एक दिवस समजूत घालून घेतोस की हे आपल्याला झेपणारे नव्हते. आपल्याकडे किती मुले अशीच गुपचूप घरी गेली!

मेरिटच्या मुलांनी मात्र थंड होण्याचे नाकारले. त्यांनी काळ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम मागितला. तो मिळाला तेव्हा, हा आमचा इतिहास नव्हे, गोऱ्यांनी सांगितलेला आमचा इतिहास आहे, म्हणून पुन्हा भांडले. त्यासाठी विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. पण न्यूटन आणि सील यांना लवकरच दिसले की केवळ अभ्यासक्रम बदलून वस्तीवरचा पोलीस बदलत नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये दोघांनी दहा कलमांचा कार्यक्रम लिहिला. लिहायला जागा कोणती? सील ज्या दारिद्र्य निर्मूलन केंद्रात नोकरीला होता, त्याचे कार्यालय. त्या कार्यक्रमाचे पाचवे कलम शिक्षणाचे आहे: आमचा खरा इतिहास शिकवा. आणि जानेवारी १९६९ मध्ये याच पँथरांनी ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. उपाशी पोर शिकू शकत नाही, हे कळायला त्यांना आयोग नेमावा लागला नाही.

या दबावाचा परिणाम झाला. १९६८ साली नॉर्व्हेल स्मिथ हे मेरिटचे अध्यक्ष झाले. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात त्या पदावर बसलेले ते पहिले काळे गृहस्थ. १९६९ साली राज्याने कायदा करून गरीब आणि मागे ठेवल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आणली: पुस्तकांना मदत, शिकवणी, सल्ला देणारा माणूस. शुल्क माफ केले म्हणजे शिक्षण फुकट झाले, हा भ्रम त्या कायद्याने मोडला. ही योजना आजही चालू आहे.

आणि नेमके याच सुमारास कॉलेज हलले. १९७१ साली मेरिट टेकडीवरच्या नव्या आवारात गेले. इमारती नव्या, मोकळी हवा, खाली उपसागराचे दृश्य. वस्तीतून या स्थलांतराला विरोध झाला, पण तो टिकला नाही. कोणताही नियम बदलला नाही. दार पूर्वीइतकेच उघडे होते. फक्त पायी येणाऱ्या मुलाला आता बस धरावी लागली. आणि पदपथावरचा तो दुसरा वर्ग बंद पडला, कारण टेकडीवर येणारे-जाणारे लोकच नव्हते. पुढे १९८४ साली राज्याने या कॉलेजांना शुल्कही लावले, पूर्णवेळ विद्यार्थ्याला सहामाहीला ५० डॉलर. गरिबांसाठी माफीची सोय ठेवली. पण माफी मिळवायची म्हणजे अर्ज, पुरावा आणि रांग आली. ग्रोव्ह स्ट्रीटला आज मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आहे. कॉलेज गेले आणि नाव आले, असे हे आपल्याकडेही घडते.

आता आपल्या घराकडे वळू. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कारण आपली मुले दिवसा नोकरी करणारी आहेत हे त्यांना ठाऊक होते. १९५० साली ते मराठवाड्यात आले आणि औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले ते महाविद्यालय उभे केले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या भागात खेड्यातल्या मुलाला राहायला खोली मिळणे हेच दिव्य होते, म्हणून नागसेनवनात वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहाला मिळाले. त्यांचा विचार साधा होता: प्रवेश देणे पुरेसे नाही, टिकवणे हे खरे काम. आणि मुंबईत दलित पँथरच्या बैठका कुठे रंगत? वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात. ओकलंडला पदपथ, वडाळ्याला वसतिगृह. विद्रोहालाही बसायला जागा लागते.

एक आठवण सांगून थांबतो. मी शिकत होतो तेव्हा माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा वर्गात सर्वांत हुशार होता. वसतिगृहात त्याला जागा मिळाली नाही. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती परीक्षा संपल्यावर आली. दिवाळीनंतर तो एसटीच्या भाड्यापायी यायचा थांबला. त्याला कुणी काढले नव्हते. हजेरीपटावर त्याचे नाव वर्षअखेरपर्यंत होते. मेरिटचे स्थलांतर वाचताना मला तो आठवला.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे. आपण राखीव जागांसाठी लढलो, नामांतरासाठी रक्त सांडले. ते योग्यच होते. पण त्यासोबत प्रत्येक कॉलेजात काही लहान प्रश्न दरवर्षी विचारले पाहिजेत. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हातात पडते? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होते? वसतिगृहात किती जागा रिकाम्या आहेत आणि का? शेवटच्या गावाची एसटी शेवटच्या तासाला थांबते का? जून महिन्यात आलेल्यांपैकी मार्चमध्ये किती उरले आणि गेलेल्यांच्या घरी कोण जाऊन आले? हे प्रश्न क्षुद्र वाटतात. पण कॉलेज टेकडीवर जाते ते नेहमी इमारतीसकटच जाते असे नाही. इमारत जागेवर राहते आणि चढण तेवढी वाढत जाते.